वेण्णाकाठची पहाट आणि आईचे कान

पौषातल्या एखाद्या निरभ्र पहाटे, सूर्योदयाला अर्धा तास अवकाश असताना, तुम्ही महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या काठी उभे राहिलात, तर पायाखालचे गवत ओळखू येत नाही. पात्यापात्यावर पांढरी भुकटी पसरलेली असते. नावा बांधण्याच्या लाकडी धक्क्यावर, रात्रभर उघड्यावर राहिलेल्या मोटारींच्या टपांवर आणि लिंगमळ्याकडच्या वाफ्यांतील स्ट्रॉबेरीच्या पानांवर दव गोठून बसलेले असते. गावात, बाजारपेठेत थंडी असते. पण गोठवणारी नसते. तलाव मात्र खोलगट जागी आहे. आकाश स्वच्छ आणि वारा पडलेला असला, की जमीन आपली ऊब भराभर गमावते. जड झालेली गार हवा उतारावरून घरंगळत या खोलगटात साचते आणि तेथेच दवाचे हिमकण होतात. साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधून घेतलेल्या या तलावाकाठी आज शेकडो माणसे त्या पांढऱ्या गवतासाठी पहाटे उठून येतात.

हे दृश्य आईला दाखवावे, अशी आमची फार दिवसांची इच्छा होती. आईचे वय ७९. दोन्ही कानांमागे श्रवणयंत्रे. तिच्या भाषेत ‘मशीन’. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिला प्रथम तेथे घेऊन गेलो, तेव्हा जे घडले ते तुम्हाला सांगायलाच हवे. कारण तशी चूक तुमच्याही हातून, केवळ मायेपोटी, होऊ शकेल.

पहाटे खोलीतून निघताना मीच आईला म्हणालो, “एवढ्या थंडीत मशीन खराब होईल. काढून ठेव. नाही तरी टोपीत शिट्टीच वाजते.” यंत्राची किंमत माझ्या डोक्यात होती. आईने एका शब्दाने वाद न घालता दोन्ही यंत्रे डबीत ठेवली, जाड कानटोपी ओढून घेतली, वर मफलर गुंडाळला आणि ती आमच्याबरोबर निघाली. तलावाकाठी आम्ही सगळे ओरडून एकमेकांना हिमकण दाखवत होतो. ती हसून मान हलवत होती. छायाचित्रे काढण्याच्या नादात आम्ही चार पावले पुढे गेलो. तेवढ्यात मागून घोडा आला. घोडेवाला “आजी, बाजूला व्हा!” असे दोनदा ओरडला. आई वाटेच्या मधोमध तशीच उभी. शेवटी त्याने लगाम खेचला आणि घोडा तिच्या खांद्याला घासून गेला. ती पडली नाही, एवढेच आमचे भाग्य.

खोलीवर आल्यावर तिला विचारले, “घाबरलीस का?” ती म्हणाली, “घोड्याला नाही रे घाबरले. मला वाटलं, थंडीनं सगळं जगच गप्प झालंय.”

ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. आम्ही यंत्र जपले होते आणि माणसाला एकटे सोडले होते.

परतल्यावर आईच्या श्रवणतज्ज्ञ बाईंना सारी हकिगत सांगितली. त्यांनी जे समजावले, त्याचा सारांश असा : आपल्याकडच्या थंडीने श्रवणयंत्र सहसा बिघडत नाही. बिघडवतो तो ओलावा. गार झालेले यंत्र उबदार खोलीत आले, की गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम यावा, तसे त्याच्यावर आणि त्याच्या नळीत बारीक थेंब धरतात. थंडीचा दुसरा परिणाम सेलवर होतो. त्याची शक्ती उतरते. या दोन्हींना उपाय आहेत. यंत्र डबीत ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. कान जरूर झाका. पण ऐकणे बंद करू नका.

पुढच्या पौषात आम्ही पुन्हा निघालो. या खेपेला काय काय केले, ते वाटेवाटेने सांगतो. तुमची वाट महाबळेश्वरची नसेल, नाशिकची किंवा चिखलदऱ्याची असेल, किंवा लेकाकडे कॅनडाला जाण्याचीही असेल. गोष्टी त्याच आहेत.

निघण्यापूर्वी

प्रवासाच्या आठ-दहा दिवस आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून कान तपासून घ्या. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांच्या कानांत मळ अधिक साठतो. तो काडीने किंवा कापसाच्या बोळ्याने काढू गेल्यास आणखी आत ढकलला जातो. आईच्या एका कानातून असाच घट्ट झालेला मळ निघाला. त्यानंतर तिला ऐकू येणे तर सुधारलेच, शिवाय शिट्टीही कमी झाली.

यंत्र कानामागचे असेल, तर साच्याला जोडणारी पारदर्शक नळी पाहा. ती पिवळी आणि कडक झाली असेल, तर बदलून घ्या. थंडीत अशी नळी आणखी ताठ होते, साचा नीट बसत नाही आणि फटीतून आवाज निसटून यंत्र शीळ घालते. नवी नळी मऊ असते आणि तिला फार खर्चही येत नाही.

सेल पुरेसे घ्या. यंत्राचे हे चपटे सेल हवेवर चालतात. त्यांच्यावरचा रंगीत कागद काढला, की बारीक छिद्रांतून हवा आत जाते आणि सेल जागा होतो. म्हणून कागद काढल्यावर चार-पाच मिनिटे थांबून मगच तो यंत्रात घालावा. एकदा काढलेला कागद पुन्हा चिकटवून सेल वाचत नाही. कागदाचा रंग लक्षात ठेवा : तपकिरी ३१२ क्रमांकाचा, नारिंगी १३ चा, निळा ६७५ चा आणि पिवळा १० चा. अनोळखी गावी दुकानात क्रमांक आठवला नाही, तरी रंगावरून काम होते.

पसरणीचा घाट

वाईला कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीचे दर्शन घेऊन आम्ही पसरणीचा घाट चढू लागलो. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरांवर, तर पाचगणी सुमारे १,३०० मीटरांवर. म्हणजे अवघ्या बारा-तेरा किलोमीटरच्या वळणांत आपण ६०० मीटर वर येतो. बाहेरच्या हवेचा दाब घटतो, कानाच्या पडद्याआडची हवा फुगते आणि कानांत दडे बसल्यासारखे वाटते. पडद्याआडच्या पोकळीपासून घशापर्यंत एक अरुंद नलिका असते. आपण गिळतो किंवा जांभई देतो, तेव्हा ती क्षणभर उघडते आणि दाब सारखा होतो. म्हणून घाटात आवळासुपारी किंवा लिमलेटची गोळी चघळायला द्या. मात्र ज्यांना गिळताना ठसका लागतो, त्यांना गोळी न देता कोमट पाण्याचे घोट द्यावेत.

चढण्यापेक्षा उतरताना हा त्रास अधिक होतो, हे लक्षात असू द्या. चढताना आतली हवा आपसूक बाहेर पडते. उतरताना बाहेरची हवा आत घेण्यासाठी ती नलिका उघडावीच लागते. सर्दी झाली असेल, तर ती सुजून बंद झालेली असते आणि कान ठणकतो. उतरताना ज्येष्ठांना गाढ झोपू देऊ नका, कारण झोपेत गिळणे कमी होते. सर्दीने नाक पुरते चोंदलेले असेल, तर घाटाचा बेत दोन-चार दिवस पुढे ढकलावा. नाक दाबून जोराने फुंकर मारण्याचा प्रयोग वृद्धांनी करू नये.

पेठेतली कानटोपी

महाबळेश्वरच्या बाजारपेठेत संध्याकाळी चण्या-चिक्कीच्या दुकानांशेजारी लोकरी टोप्यांचे ढीग लागतात. टोपी हाताला जितकी जाड, तितकी चांगली, असे आपण समजतो. श्रवणयंत्रासाठी मात्र याच्या उलट आहे. कानामागच्या यंत्राचे मायक्रोफोन त्याच्या वरच्या कडेला असतात. जाड, घट्ट टोपी त्यांच्यावर दाबून बसली, की आवाज तिच्यावर आपटून माघारी येतो आणि शिट्टी वाजते. लोकर घासली, की कानात खरखर होते. आईने यंत्र काढायला मान्यता दिली होती, ती खरे तर याच कंटाळ्याने.

कान झाकायला मात्र हवेतच. बाह्यकर्णाचा वरचा भाग म्हणजे पातळ त्वचेखाली कूर्चा. तेथे उबेसाठी चरबीचा थर जवळजवळ नाही. म्हणून गार वारा अंगाआधी कानाला झोंबतो. यावर तोडगा म्हणजे सैल विणीची, हलकी टोपी किंवा रुंद लोकरी पट्टी. कान झाकेल, पण दाबणार नाही अशी. दुकानातच यंत्र घालून टोपी चढवून पाहा, शेजारच्याशी चार वाक्ये बोला आणि मगच पैसे द्या. आईने चार टोप्या नाकारल्या, पाचवी घेतली.

आणखी एक लहानसा हिशेब करा. यंत्र, चष्म्याची काडी, मास्कची नाडी आणि टोपी, असा चौघांचा संसार एकाच कानावर असतो. यांपैकी एक ओढला, की दुसरा निसटतो. गवतात पडलेले राखाडी यंत्र सापडणे कठीण. आधी यंत्र, मग चष्मा, शेवटी टोपी, असा क्रम ठेवा. टोपी काढताना एक हात कानावर ठेवा. यंत्राला बांधायची बारीक दोरी मिळते. तिचे दुसरे टोक स्वेटरच्या कॉलरला चिमट्याने अडकवता येते. आणि मास्क शक्य तर डोक्यामागे बांधायचा घ्या.

काळजीवाहकांनो, तुमच्या मफलरीकडेही लक्ष असू द्या. कमी ऐकणारी व्यक्ती ओठांवरूनही ऐकत असते. तुम्ही तोंडावर मफलर गुंडाळून धुक्यात मागून बोललात, तर उत्तम यंत्रही तिला वाचवू शकत नाही. समोर या, मफलर खाली करा, उजेडात उभे राहा आणि सावकाश बोला. ओरडू नका, ओरडल्याने शब्द फाटतात.

रात्रीची खोली

पेठेतून फिरून आम्ही खोलीवर आलो, तेव्हा खोली उबदार होती. ओलावा धरण्याची वेळ हीच. आत येताच आईने यंत्रे काढली, मऊ सुती कापडाने पुसली आणि नळी उजेडात धरून पाहिली. एका नळीत थेंब दिसला. या एवढ्याशा थेंबाने आवाज पुरता अडतो आणि माणूस समजतो, यंत्र बिघडले. साचा नळीसह यंत्रापासून सोडवून रबरी फुग्याने हवा मारली, की थेंब उडून जातो. तोंडाने फुंकू नये. आपल्या श्वासात वाफ असते. केस वाळवण्याचे यंत्र, हीटर, शेगडी किंवा कंदील यांच्याजवळ यंत्र कधीही धरू नका. प्लास्टिक वितळते आणि आतील नाजूक भाग निकामी होतात. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर ठेवूच नये. तिच्या धुरातील विषारी वायूने माणसाच्याच जिवाला धोका असतो.

रात्री सेल काढून ठेवावेत, सेलचे दार उघडे ठेवावे आणि यंत्र ओलावा शोषणाऱ्या खड्यांच्या डबीत ठेवावे. खड्यांचा रंग बदलला, की ते सुकवावेत किंवा बदलावेत. सेल मात्र त्या डबीत ठेवू नयेत. अति कोरड्या हवेत तेही कोरडे पडतात. यंत्र चार्ज होणारे असेल, तर ते बर्फासारखे गार असताना लगेच चार्जिंगला लावू नका. खोलीच्या उबेला येऊ द्या, कोरडे पुसा, मग लावा. डोंगरावर वीज जाते, हे गृहीत धरून चार्जर सोबतच नव्हे, तर भरलेला असावा.

येथे एक इशारा. हे चपटे सेल औषधाच्या गोळ्यांसारखे दिसतात. आजीच्या उशाशी गोळ्यांची डबी आणि सेल शेजारीशेजारी ठेवू नका; चष्मा नसताना हात चुकतो. नातवंडांच्या हाती तर ते लागूच देऊ नका. सेल कोणी गिळला किंवा मुलाने नाका-कानात घातला, तर घरगुती उपाय करत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे.

आणि यंत्र उतरले, की रात्र खरोखरच निःशब्द होते, याची जाणीव ठेवा. दारावरची थाप, गजर, हाक यांपैकी काहीच पोहोचत नाही. आम्ही खोलीची दुसरी किल्ली जवळ ठेवली, उशाशी विजेरी ठेवली आणि खुणा ठरवल्या : खांद्यावर एकदा हात म्हणजे उठायचे आहे, दोनदा म्हणजे घाई आहे. आई हसली, पण शांत झोपली.

गोमुखाशी

दुसऱ्या दिवशी जुन्या महाबळेश्वरला, क्षेत्र महाबळेश्वरी गेलो. पंचगंगेच्या मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात. त्यांचे पाणी दगडी गोमुखातून कुंडात पडते. आईला ते पाणी डोक्यावर घ्यायचे होते. तिने आधी यंत्रे काढून कोरड्या डबीत ठेवली, तीर्थ घेतले, केस आणि कान पुसून कोरडे केले आणि मगच यंत्रे चढवली. अंघोळीलाही हाच नियम. थंडीत कानात अगदी गार पाणी गेले, तर काहींना गरगरते, कारण तोल सांभाळणारी व्यवस्थाही आतल्या कानातच असते. वृद्धांच्या बाबतीत गरगरणे म्हणजे पडण्याचा धोका. म्हणून पाणी कोमट असावे आणि कानात जाऊ देऊ नये.

थंडीतली आपली दुसरी सवय म्हणजे कानात कोमट तेल घालणे. तुमच्या आजीने घातले असेल, माझ्याही आजीने घातले. पण पडद्याला छिद्र असेल, तर तेल आत जाऊन संसर्ग होऊ शकतो, आणि छिद्र आहे की नाही हे घरी कळत नाही. श्रवणयंत्राच्या बाबतीत तर तेल नळीत आणि जाळीत जाऊन आवाजच अडवते. डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज कानात काही घालू नका. त्वचा कोरडी पडत असेल, तर बाहेरच्या पाळीला रात्री, यंत्र काढल्यावर, बोटभर तेल चोळा. तेवढ्याने आजीचाही मान राहतो.

आणि हेही सांगून ठेवतो : एका कानाचे ऐकणे अचानक, तासाभरात किंवा एका रात्रीत कमी झाले, तर ‘थंडीने दडे बसले असतील’ म्हणून वाट पाहू नका. आधी सेल, नळी आणि मळ तपासा. यंत्र ठीक असेल, तर त्याच दिवशी तज्ज्ञाकडे जा. अशा वेळी लवकर सुरू झालेल्या उपचारांना फार महत्त्व असते. कानातून पू किंवा रक्त येणे, तीव्र ठणका, भोवळ किंवा चेहरा एका बाजूला वाकडा होणे, यांतही थांबू नये.

पुन्हा वेण्णाकाठी

तिसऱ्या दिवशीच्या पहाटे आम्ही पुन्हा तलावावर गेलो. या वेळी यंत्रे आईच्या कानांवर होती. सैल टोपी, आत सुती रुमाल, दोरीचा चिमटा कॉलरला. जादा सेल मी स्वेटरच्या आतल्या खिशात, त्यांच्या मूळ पाकिटातच ठेवले होते. नाणी-किल्ल्यांजवळ सुटे सेल ठेवले, तर ते वाया जातात आणि तापूही शकतात. अर्ध्या तासाने आईचा एक सेल मंदावला. गारठ्याने सेलमधली रासायनिक क्रिया संथ होते; त्यात यंत्राचा दोष नसतो. मी खिशातला उबदार सेल काढला, कागद सोलला आणि आम्ही दोघे चार-पाच मिनिटे तशीच तलावाकडे पाहत उभी राहिलो. मग तो बदलला.

“हे काय वाजतंय?” तिने विचारले. पायाखाली गोठलेले गवत चुरत होते. तिने मुद्दाम आणखी दोन पावले टाकली, थांबली, पुन्हा टाकली.

मी छायाचित्र घेण्यासाठी वाकलो होतो. तेवढ्यात तिने माझी बाही धरून मला बाजूला ओढले. “सरक. मागून घोडा येतोय.” मला टापा ऐकूच आल्या नव्हत्या.

यंदाच्या थंडीत तुमच्या घरातील कोणी “नको, मी मशीन काढूनच ठेवते” असे म्हणाले, तर एवढे करा : टोपी घट्ट आहे का ते पाहा, नळी उजेडात धरा, सेल बदला आणि समोर बसून विचारा, “आता ऐकू येतंय का?” उत्तर येईपर्यंत थांबा.